वर्धेचा कांठ व धान्याचा भाव : देवगांवच्या तहाचा एक दुर्लक्षित परिणाम

नागपुराहून अमरावतीस जाणारा रस्ता कोंढाळी व कारंजा हीं गांवें मागें टाकून तळेगांव (श्यामजी पंत) येथें येतो, आणि तेथून पुढें वर्धा नदी ओलांडून तिवस्याच्या बाजूस वऱ्हाडांत उतरतो. आज नदीच्या दोन्ही तीरांवर एकच राज्य आहे. पूर्वेस वर्धा जिल्हा, पश्चिमेस अमरावती जिल्हा, एवढाच काय तो भेद. आणि नदी केव्हां मागें पडली याची आठवणहि वाटसरूस राहत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सुमारें पन्नास वर्षें, ही नदी दोन राज्यांमधील शीव होती. आणि त्यापूर्वीं ती तशी नव्हती. जो मुलूख एका बाजाराचा होता तो तहाच्या एका कलमानें दुभंगला, तेव्हां तेथील ज्वारी, मीठ व कापूस यांच्या व्यवहाराचें काय झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

देवगांवच्या तहासंबंधानें आमच्याकडे जें लिहिलें गेलें आहे तें बहुधा लढाया, किल्ले व फौजा यांना धरून लिहिलेलें आहे. अडगांवास कोण चुकलें, गाविलगडाचा दरवाजा कसा पडला, राजानें तह घाईनें केला काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु तहाचा भार शेवटीं ज्याच्या शिरावर पडतो त्या कुणब्याच्या घरीं तह पोंचतो तो धान्याच्या पायलीच्या रूपानें. हा विचार आज निरुपयोगी आहे असेंहि नाहीं. इंग्लंडच्या सरकारनें ३१ जानेवारी १०२० रोजीं नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, ३१ जानेवारी २०२० रोजीं युरोपीय संघ सोडला व त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या जकातसंघांतूनहि तो देश बाहेर पडला. आणि तेव्हांपासून तेथील अन्न महागलें तें किती सीमेमुळें व किती इतर कारणांनीं, याचा वाद चालूच आहे. ज्यास आपल्या गांवची जुनी शीव समजली त्यास हा वाद परका वाटणार नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, वर्धा ही स्वभावतः शीव नव्हे. अकबराच्या अमदानींतील वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी आईन-इ-अकबरींत दिली आहे तींत पौनार हें एक सरकार आहे. आणि पौनार तर नदीच्या पूर्वेस, सध्यांच्या वर्धा शहराजवळ आहे. म्हणजे मोंगली वऱ्हाड नदीच्या दोन्ही अंगांस पसरलें होतें. तळेगांवाच्या शेजारचें आष्टी जहांगीर बादशहाच्या वेळीं महंमदखान नियाझी या सरदाराकडे होतें, व त्याची कबर अद्यापि तेथें उभी आहे. पुढें १७२४ सालीं साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिझखानाचा पाडाव होऊन निजामुल्मुल्काची सत्ता दक्षिणेंत कायम झाली, आणि नागपुरास भोंसल्यांची गादी स्थिर झाली, तेव्हां वऱ्हाडांत दोअंमल सुरू झाला. नांव निजामाचें, वसुलांत हिस्सा दोघांचा; आणि हे हिस्से बऱ्याच भागांत साठ व चाळीस असे असून साठांचा धनी नागपूरकर भोंसला होता.

एका शेताला दोन धनी असणें हें रयतेस सुखाचें नव्हतें, आणि दोअंमलाचें गुणवर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि व्यापाराच्या दृष्टीनें त्यांत एक गोष्ट होती. भोंसल्याचा कमाविसदार नदीच्या अलीकडेहि होता व पलीकडेहि होता. तेव्हां नदीवर माल अडवून धरण्यांत त्याचा स्वतःचा कांहीं लाभ नव्हता. शिवाय १७५१ पासून ओढ्या प्रांतांतील कटक भोंसल्यांकडे आल्यामुळें वऱ्हाडच्या काळ्या जमिनीपासून पूर्वसमुद्रापर्यंत एका राजाचा अंमल कमीअधिक सलग झाला होता. वऱ्हाडांत ज्वारी व कापूस, वैनगंगेच्या खोऱ्यांत तांदूळ, आणि समुद्रकांठीं मीठ, अशी या राज्याची रचना होती. एका भागांत जें उणें तें दुसऱ्यांत अधिक. ही देवघेव मुख्यतः वंजाऱ्यांच्या बैलांवरून चाले. वंजाऱ्यास शीव अशी नव्हती. त्यास वाट, पाणी, चराई व नाका एवढ्या चारच गोष्टी ठाऊक. यांपैकीं पहिल्या तीन देवाच्या व चौथी सरकारची.

आतां तहाकडे वळूं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवची लढाई झाली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, व १७ डिसेंबरास देवगांव येथें दुसऱ्या रघूजी भोंसल्यानें कंपनीशीं तह केला. त्यानें बालेश्वरासह कटक प्रांत कंपनीकडे गेला, आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा आपला हक्क राजानें सोडला. १८०४ च्या एप्रिलांत हैदराबादेस वांटणीचा तह होऊन हें वऱ्हाड निजामाच्या पदरीं पडलें. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांखालील कांहीं मुलूख मात्र राजाकडे राहिला. उलट निजामाचे कांहीं परगणे नदीच्या पूर्वेस राहिले. ही गुंतागुंत १८२२ सालच्या तहानें मिटली. मेळघाट व त्याखालील परगणे निजामाकडे गेले, पूर्वतीरावरील त्याचे परगणे त्यानें सोडले, आणि वर्धा नदी खऱ्या अर्थानें शीव झाली. तेव्हां शीव पडली ती एका दिवसांत नव्हे. १८०३ ते १८२२ हीं एकोणीस वर्षें तळेगांव-आष्टीच्या टापूंत कोणाचा हक्क कोठवर याचाच घोळ चालू होता; आणि व्यापाऱ्यास पक्क्या शिवेपेक्षां असली कच्ची शीव अधिक जाचते, कारण पक्क्या शिवेवर एक नाका असतो व कच्च्या शिवेवर ज्याच्या हातीं काठी तो प्रत्येक जण नाकेदार असतो.

येथें एका चुकीपासून सावध राहिलें पाहिजे. १८०३-०४ सालीं दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. पाऊस चुकला होता, वर होळकर व शिंदे यांच्या फौजा आणि पेंढारी यांनीं उभें पीक व सांठे दोन्ही खाल्ले होते. अहमदनगरास दुष्काळपीडितांस अन्न पुरविण्याची व्यवस्था जनरल वेलस्लीस करावी लागली. वऱ्हाडांतहि त्या वर्षीं हाहाकार झाला. त्या सालचा एखादा चढा भाव जुन्या कागदांत सांपडला म्हणजे तो देवगांवच्या तहाच्या माथीं मारण्याचा मोह होतो. पण तह डिसेंबरांत झाला व खरीप त्यापूर्वींच गेलें होतें. त्या सालची महागाई पावसाची व लढाईची होय, शिवेची नव्हे. शिवेचा परिणाम पाहावयाचा तर पाऊस बरा झाल्यावर, फौजा निघून गेल्यावर, कोणती अडचण शिल्लक राहिली हें पाहिलें पाहिजे.

अशी अडचण पहिली म्हणजे खजिन्याची. या तहानें राजाचा सुमारें तिसरा हिस्सा मुलूख गेला. मुलूख गेला तरी दरबार, शिलेदार व कर्ज हीं गेलीं नाहींत. गेलेलें उत्पन्न उरलेल्या गांवांतून भरून काढण्याचा रघूजीनें प्रयत्न केला. गांवोगांवचा सारा वाढविला, नवे कर बसविले, आणि स्वतः राजाच देवघेवींत शिरला. इतकें कीं लोक त्यास ‘बडा बनिया’ म्हणूं लागले. हें नांव थट्टेचें असलें तरी इतिहासकारानें तें गांभीर्यानें घ्यावें. ज्या राजास लोक वाणी म्हणतात त्याचा हात धान्याच्या तराजूवर पडलेला असतो. सारा रोख द्यावा लागतो. रोख मिळविण्यासाठीं कुणबी खळ्यावरच धान्य विकतो, तेव्हां भाव पडलेला असतो. आणि ज्येष्ठ-आषाढांत पेरणीस व पोटास तेंच धान्य तो चढ्या भावानें सवाईनें-दिढीनें परत घेतो. म्हणजे एकाच गांवांत एकाच वर्षीं धान्य स्वस्त व महाग अशा दोन्ही स्थिति असतात. स्वस्ताई विकणाऱ्याच्या वांट्यास, महागाई घेणाऱ्याच्या वांट्यास, आणि हे दोघे म्हणजे एकच माणूस.

दुसरी अडचण फौजेची. शिपायांचे पगार तुंबले. तुंबलेला पगार ते रयतेकडून वसूल करूं लागले. त्याच सुमारास पेंढाऱ्यांच्या धाडी वाढल्या, व १८११ सालीं तर त्यांनीं नागपुरापर्यंत येऊन शहराचे बाहेरील पुरे जाळले. या प्रांतांतील गांवोगांवच्या गढ्या पुष्कळशा याच काळांतील आहेत. गढीकडे आपण वास्तु म्हणून पाहतों. पण ती पेवांची राखण म्हणूनहि पाहिली पाहिजे. जेथें धान्य वाटेनें सुरक्षित जाऊं शकत नाहीं तेथें तें पेवांत राहतें. जें पेवांत राहतें तें शेजारच्या तुटीच्या गांवास मिळत नाहीं. अशा रीतीनें वीस कोसांवर पीक उत्तम असूनहि येथें भाव चढलेला राहतो. व्यापाराचा पहिला शत्रु नाका नव्हे, तर भय होय.

तिसरी अडचण नाण्याची. नागपूरच्या टांकसाळींतला रुपया व निजामाच्या मुलुखांत चालणारे रुपये हे कसास व वजनास सारखे नव्हते. दोअंमल होता तोंवरहि बट्टा होताच. परंतु सारा दोन्हीकडील नाण्यांत घेतला जाई, म्हणून नाणें फिरून परत येई. शीव पडल्यावर ज्याचें त्याचें नाणें ज्याच्या त्याच्या खजिन्यांत जाऊं लागलें, आणि नदीपलीकडे माल विकणाऱ्यास बट्टा हा नित्याचा खर्च होऊन बसला. हा खर्च सराफ घेई, व्यापारी भरी आणि शेवटीं पायलीमागें ग्राहक देई.

चौथी अडचण जकातीची. राहदारी, सायर, पेठेची उतराई, पुलाची वा नावेची पट्टी, अशा अनेक नांवांनीं माल वाटेवर कर देत असे. हे कर शिवेनें निर्माण केले नाहींत. ते जुनेच होते. परंतु शीव पडली म्हणजे त्यांची संख्या वाढते व त्यांना विचारणारा कोणी राहत नाहीं, कारण पलीकडच्या व्यापाऱ्याची गाऱ्हाणीं अलीकडच्या दरबारीं कोण ऐकणार? कंपनीच्या स्वतःच्या मुलुखांत बंगाल इलाख्यांतील अंतर्गत जकाती १८३६ सालीं व मद्रास इलाख्यांतील १८४४ सालीं उठल्या. मध्यंतरीं मुंबई इलाख्यानेंहि तेंच केलें. वर्धेच्या दोन्ही कांठचीं संस्थानें मात्र या सुधारणेच्या बाहेर होतीं. ज्या काळांत उत्तरेस व पश्चिमेस वाटा मोकळ्या होत होत्या, आणि दूर जर्मनींत अनेक संस्थानांनीं १८३४ सालीं आपला जकातसंघ उभा केला, त्याच काळांत नागपूर व वऱ्हाड यांमधील वाट पूर्वींपेक्षां अधिक अडली होती.

या चार अडचणींचा एकत्र परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो वर्धेच्या कांठीं नव्हे, तर भोंसल्यांच्या राज्याचा जो दुसरा तुकडा त्याच तहानें तुटला त्या ओढ्या प्रांतांत. तेथें समुद्रकांठचें मीठ पूर्वीं लोकांस स्वस्त मिळे. कंपनीनें तेथें मिठाचा मक्ता लागू केला व मीठ महाग झालें. पूर्वीं सारा कवड्यांत देतां येई. आतां रुपेंच पाहिजे असें ठरलें, त्यामुळें कवडीची किंमत घसरली व रुपया विकत घेण्यांत रयत बुडाली. सारा थकला म्हणून जमिनींचे लिलांव झाले. या सर्वांचा स्फोट १८१७ सालीं खुर्द्याच्या पाइकांच्या बंडांत झाला व त्याचें पुढारीपण बक्षी जगबंधु याजकडे होतें. बंडाच्या कारणांत पाइकांच्या जमिनी गेल्या हें मुख्य. परंतु मिठाचा भाव व कवडीचा बट्टा हींहि त्यांत होतीं याविषयीं वाद नाहीं. आमच्या मतें देवगांवच्या तहाचा आर्थिक इतिहास लिहावयाचा तर नागपूर, वऱ्हाड व ओढ्या हे तीनहि तुकडे एकाच पानावर ठेवून लिहिला पाहिजे. एकाच राज्याचीं हीं तीन अंगें होत, व प्रत्येकास निराळ्या प्रकारें कळ लागली.

वऱ्हाडाचें काय झालें? निजामाकडे गेलेला भाग तरी सुखी झाला काय? तसें झालें नाहीं. राजा चंदुलालाच्या कारभारांत वसुलाचे मक्ते सावकारांस दिले गेले. पुरणमल व त्यानंतर पेस्तनजी यांच्याकडे वऱ्हाडचा मोठा भाग होता. मक्तेदारास पुढील वर्षाची शाश्वती नसे, म्हणून चालू वर्षींच जें निघेल तें काढण्याकडे त्याची दृष्टि. याच पेस्तनजींच्या पेढीनें १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर प्रथम मुंबईस नेला, ही गोष्ट मात्र त्यांच्या जमेस धरली पाहिजे. त्यापूर्वीं व नंतरहि बराच काळ अमरावतीचा कापूस बैलांवर लादून नागपुरावरून उत्तरेस गंगाकांठच्या मिर्झापुरास जात असे. तो प्रवास सुमारें पांचशें मैलांचा. १८४२ सालीं एका व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांचा कापूस या बाजूनें कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद आहे. आतां एक लक्ष बैल म्हणजे एक लक्ष तोंडें होत. तांडा वाटेनें जातांना कडबा व दाणा घेत जातो. कापसाचा मार्ग ज्या गांवांवरून जातो तेथें चाऱ्याचा व ज्वारीचा भाव चढतो, हें सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, शीव पडली म्हणजे महागाई व शीव उठली म्हणजे स्वस्ताई. असा सरळ नियम आम्हांस मान्य नाहीं. आणि त्याविरुद्धचा पुरावा आम्हीं लपवूं इच्छीत नाहीं. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले व १८१८ पासून रेसिडेंट जेंकिन्स याजकडे नागपूरचा कारभार आला. वर्धा शीव होतीच, १८२२ पासून तर ती अधिक पक्की झाली. परंतु पेंढारी नाहींसे झाले, साऱ्याचे ठराव सौम्य व कांहीं वर्षांच्या मुदतीचे झाले, जमिनी पुन्हां लागवडीस आल्या. जेंकिन्सनें आपला नागपूर राज्याविषयींचा विस्तृत अहवाल १८२७ सालीं छापला, तो या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावा. या काळांत दक्षिणेंत सर्वत्रच धान्याचे भाव उतरले. म्हणजे शीव असूनहि धान्य स्वस्त झालें. मात्र ही स्वस्ताईहि निर्भेळ सुखाची नव्हती, कारण सारा रोख असल्यामुळें भाव उतरला कीं तोच सारा देण्यास कुणब्यास अधिक धान्य विकावें लागे.

उलट बाजूचा पुरावा तर अधिकच बोलका आहे. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिसरा रघूजी वारला व १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. पन्नास वर्षांनीं वर्धेचे दोन्ही कांठ पुन्हां एका सत्तेखालीं आले. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व १८६२ सालीं वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. आतां शीव उठली म्हणून धान्य स्वस्त झालें काय? मुळींच नाहीं. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस विलायतेस जाईना. तेव्हां वऱ्हाड, आर्वी व हिंगणघाट येथील कापसास कधीं न मिळाला असा भाव मिळाला. ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि या टापूचा भाव मुंबईच्या, व मुंबईच्या द्वारें लिव्हरपूलच्या भावास बांधला गेला. ज्याच्या शेतांत कापूस होता तो सुखावला. ज्याला ज्वारी विकत घ्यावी लागे त्या मजुरास मात्र शीव होती तोच काळ बरा वाटला असल्यास नवल नाहीं. लोहमार्ग बडनेरा, धामणगांव, पुलगांव व वर्धा असा दक्षिणेच्या बाजूनें गेला. तळेगांवावरून जाणारी जुनी वाट मागें पडली, आणि आर्वीस देखील रुळांसाठीं १९१७ सालच्या पुलगांव-आर्वी फांट्यापर्यंत वाट पाहावी लागली.

तेव्हां आमचें म्हणणें असें आहे. बाजाराच्या मोठ्या वर्तुळांतून बाहेर पडणें अथवा त्यांत शिरणें यानें भाव केवळ वर किंवा केवळ खालीं जात नाहीं. त्यानें दोन गोष्टी घडतात. एक, तूट व विपुलता यांमधील वाट लांबते किंवा आंखुडते. दुसरी, खजिन्याचें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातें. महागाई कोणाच्या घरीं शिरेल हें या दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतें, आणि इतिहासकार नेमकी तीच विसरतो.

हें म्हणणें पडताळून पाहण्यास दुसरें एक उदाहरण मराठी मुलुखांतच आहे, आणि तें अधिक स्वच्छ आहे, कारण तेथें लढाई नव्हती. २६ डिसेंबर १८७८ रोजीं लिस्बन येथें इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला व जानेवारी १८८० पासून गोवें आणि इंग्रजी हिंदुस्थान यांचा बारा वर्षांच्या मुदतीचा जकातसंघ अमलांत आला. दोहोंमधील जकातीचे नाके उठले. गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रज सरकारकडे गेला, व त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळूं लागले. मुरगांव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग झाला व तो १८८८ सालीं इंग्रज हद्दींतील रुळांस मिळाला. म्हणजे वाट आंखुडली, नाके गेले. आमच्या पहिल्या गोष्टीप्रमाणें सर्व कांहीं उत्तम झालें. परंतु दुसरी गोष्ट पहा. इंग्रजी मुलुखांत मिठावर मणामागें दोन ते अडीच रुपये कर होता. गोव्याचें मीठ या व्यवस्थेंत बांधलें जातांच तें महागलें. मीठागरें बंद पडलीं. मिठावर ज्यांचें पोट होतें ते आगरी, होडीवाले व खारवी मासळीचे धंदेवाले उघडे पडले. शिवाय १८८२ सालीं इंग्रज सरकारनें आपल्या बहुतेक सर्व आयात जकाती रद्द केल्या, व संघांत असल्यामुळें गोव्याच्या जकातीचें उत्पन्नहि त्याबरोबर बुडालें. आपला खजिना किती भरावा हें कलकत्त्यास ठरूं लागलें.

म्हणून १८९२ च्या जानेवारींत मुदत संपतांच करार पुन्हां झाला नाहीं. संघ सुटला, मीठागरें मोकळीं झालीं. पण नाके परत आले. गोव्यांत भात वर्षभर पुरेसें होत नाहीं. नारळ, सुपारी, मीठ बाहेर जावें व तांदूळ आंत यावा, अशी त्या भूमीची स्थिति. ज्या लोहमार्गावर पोर्तुगीज सरकारनें व्याजाची हमी देऊन पैसा ओतला होता त्याचा पल्ला आतां परक्या हद्दींत जाऊन संपत होता. आणि १८९४ सालीं इंग्रज सरकारनें आयात मालावर पुन्हां शेंकडा पांच जकात बसविली, तेव्हां गोवें कुंपणाबाहेर होतें. संघांत असतांना गोवेंकरांस मीठ महाग पडलें, व संघ सोडल्यावर व्यापार महाग पडला. मुंबईस पोटासाठीं जाणाऱ्या गोवेंकरांचा ओघ दोन्ही काळांत चालूच राहिला. वर्धेच्या कांठीं जें आम्हीं पाहिलें तेंच येथें, केवळ अधिक स्पष्ट अक्षरांत लिहिलेलें आहे.

वर्धेची कथा १८५३ सालीं संपत नाहीं. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें, व १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे आठ मराठी जिल्हे जुन्या मध्यप्रदेशांतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यांत आले. भाषेच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. परंतु वैनगंगेपलीकडील छत्तीसगडचें भातक्षेत्र व जबलपूरकडील गव्हाची वाट ज्या राज्यांत होती त्या राज्यापासून हे जिल्हे निराळे झाले, हेंहि खरें. यावेळीं तांड्यास अडविणारा नाकेदार नव्हता. एकाच देशाचें सरकार दोहोंवर होतें. म्हणून १८०३ व १९५६ हीं दोन वर्षें सारखीं मानणें चुकीचें होईल. राज्याची शीव व बाजाराची शीव या निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि पहिली बदलली म्हणजे दुसरी बदललीच असें नाहीं, हा त्या तुलनेंतला धडा होय.

शेवटीं आमच्या वाचकांपैकीं जे कागदपत्रांचे संग्राहक आहेत त्यांस दोन शब्द. अशा विषयाचा निकाल बखरींनीं किंवा तहनाम्यांनीं लागत नाहीं. तो लागतो वाण्याच्या वहीनें, देवस्थानच्या जमाखर्चानें, पाटलाच्या घरच्या रोजकीर्दीनें. सनदा व शिक्क्यांचीं पत्रें लोक जपून ठेवतात. वह्या मात्र बाड म्हणून रद्दींत जातात, कारण त्यांत कोणा थोराचें नांव नसतें. वर्धा व आर्वीच्या टापूंत, तसेंच पलीकडे तिवसा, मोर्शी व अमरावतीच्या बाजूस, ज्यांच्या घरीं मोडी वह्या आहेत त्यांनीं त्या एकट्या न पाहतां जोडीनें पाहाव्या : एक पूर्वतीराची व एक पश्चिमतीराची, एकाच सालाच्या. तुलनेंतच शीव दिसते. एका वहींत ती कधींच दिसणार नाहीं.

आणि भाव टिपतांना चार गोष्टींवांचून तो टिपूं नये. माप कोणतें, पायली कीं कुडव, मण कीं खंडी, व तें कोणत्या पेठेचें. नाणें कोणतें व त्याचा बट्टा काय. साल फसली, शक कीं हिजरी. आणि महिना कोणता. मार्गशीर्षाचा भाव खळ्याचा असतो व श्रावणाचा भुकेचा. एकाच वर्षांतील या दोन भावांत जें अंतर पडतें तें बहुधा दोन राजवटींमधील अंतराहून मोठें असतें, आणि त्या अंतरांत कुणब्याचा सारा जन्म गेलेला असतो. तळेगांवाहून नदीकडे जाणारी वाट अजून तीच आहे. त्या वाटेनें गेलेल्या धान्याचा हिशेब ज्या फडताळांत पडला आहे तें उघडलें जावें, एवढीच आमची विनंति आहे.